अनेक पडदे, एक चित्र



पावसाळा लागला कीं नांदेडांत घरोघरीं एक प्रश्न हटकून कानीं येतो : "वरून पाणी किती सोडलें?" हें 'वरून' किती लांबचें आहे, याचा विचार मात्र आपल्यापैकीं थोडेच करितात. गोवर्धन घाटाच्या पायऱ्यांवर उभें राहिलें असतां नदीचा जो पट्टा दृष्टीस पडतो, तो फार तर एक-दोन किलोमीटरांचा. परंतु त्यांतून वाहणारें पाणी कोठकोठून आलेलें असतें! कांहीं पैठणच्या नाथसागरांतून निघालेलें, कांहीं माजलगांवाकडून सिंदफणेच्या वाटेनें आलेलें, तर कांहीं येलदरी व सिद्धेश्वर या धरणांखालून पूर्णेच्या वाटेनें आलेलें. हे सारे प्रवाह एकत्र होऊन विष्णुपुरीच्या धरणापाशीं येतात, आणि तेथून तें पाणी आपल्या घाटांस लागतें. ज्यांचीं घरें नदीकांठीं आहेत, त्यांस हा केवळ भूगोलाचा प्रश्न नव्हे. रात्रीं निजावें कीं सामान उचलावें, याचा तो प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर घाटावरून दिसणाऱ्या पट्ट्यांत कधींच नसतें.

मग सारी नदी एका दृष्टिक्षेपांत, पण बारकाव्यांसह, कशी पाहतां येईल? या प्रश्नाचें एक उत्तर आम्ही आजच्या पाठांत मांडणार आहों. तें असें कीं, पुरेसा मोठा पडदा मिळत नसेल, तर अनेक संगणकांचे लहान पडदे जोडून त्यांचा एकच विशाल पडदा करावा. युक्ति ऐकावयास सोपी आहे. परंतु ती साधण्यासाठीं कशाकशाचा मेळ घालावा लागतो, हें विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींहि समजून घेण्यासारखें आहे.

कागदांचा दाखला

आरंभीं संगणक बाजूस ठेवून कागदी नकाशांकडे पाहूं. आपल्या देशाचें भूमापन करणाऱ्या भारतीय सर्वेक्षण खात्याची स्थापना १७६७ सालीं झाली. या खात्याच्या नकाशांची एक सुप्रसिद्ध मालिका आहे. तिच्यांत जमिनीवरील अर्धा किलोमीटर कागदावर एक सेंटिमीटर होतो. एक कागद अक्षांशाच्या व रेखांशाच्या पंधरा-पंधरा कलांचा प्रदेश दाखवितो. या मालिकेंत नांदेड शहर ५६ ई या गटांत पडतें, परभणी ५६ ए या गटांत, लातूर ५६ बी या गटांत, आणि पैठण तर थेट ४७ एम या गटांत. पैठणपासून नांदेडपर्यंतची गोदावरी मांडावयाची, तर नऊ कागद आडवे व तीन कागद उभे, म्हणजे एकंदर सत्तावीस कागदांची जागा लागते. ही मांडणी सुमारें पावणेपांच मीटर रुंद व दीड मीटराहून अधिक उंच होईल. एका वर्गाची अर्धी जमीन तिनेंच व्यापली जाईल.

आतां गंमत अशी कीं, हे सत्तावीस कागद कांठाला कांठ लावून ठेविले म्हणजे नदीची रेघ एका कागदावरून दुसऱ्यावर बिनचूक जाते. असें कां व्हावें? कागद तर वेगवेगळे. कारण एकच : प्रत्येक कागदाचे अक्षांश-रेखांश एकाच सामाईक मोजणीशीं बांधलेले आहेत. १८०२ सालीं विल्यम लॅम्बटन यांनीं मद्रासेजवळ एक पायारेषा मोजली, आणि तिच्यापासून त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे नेण्यास आरंभ केला. हें काम चालूं असतांच १८२३ सालीं विदर्भांतील हिंगणघाट येथें त्यांचा अंत झाला. अशा माणसांनीं घेतलेल्या श्रमांमुळेंच आज पैठणचा कागद नांदेडच्या कागदास जुळतो. प्रत्येकानें आपापल्या कागदाच्या कोपऱ्यापासून मनास येईल तसें माप घेतलें असतें, तर कागद कितीहि सुंदर निघाले तरी नदी तुटली असती. हा मुद्दा विद्यार्थ्यांनीं मनांत पक्का धरावा. पुढील सर्व विवेचन त्यावरच उभें आहे.

ठिपक्यांचा हिशेब

संगणकाच्या पडद्यावरील चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच होय. पूर्वींच्या एका सामान्य पडद्यावर १२८० ठिपके आडवे व १०२४ ठिपके उभे असत. म्हणजे एकंदर १३ लाख १० हजार ७२० ठिपके झाले. आतां पैठणपासून धर्माबादपर्यंतचें सरळ अंतर सुमारें २६० किलोमीटर आहे. तें सर्व एकाच पडद्यावर बसवावयाचें, तर एका ठिपक्यास जमिनीवरील दोनशें मीटरांहून अधिक अंतर द्यावें लागेल. मग ओढे, पूल व नदीकांठच्या वस्त्या यांचा मागमूसहि राहणार नाहीं. उलट एका ठिपक्यास ७० मीटर दिले, तर एका पडद्यावर ८९.६ किलोमीटरांचाच प्रदेश मावेल. पैठण पाहतांना नांदेड दिसणार नाहीं, आणि नांदेड पाहतांना पैठण दिसणार नाहीं.

समग्र पाहावें तर बारकावा जातो, आणि बारकावा पाहावा तर समग्र जातें, असा हा पेच आहे. कोणी म्हणेल कीं, प्रोजेक्टर लावून चित्र भिंतीएवढें करावें. परंतु तेणेंकरून ठिपके वाढत नाहींत, केवळ फुगतात. मागच्या बांकावरील मुलास चित्र मोठें दिसेल, पण त्यांत नवें कांहींच दिसणार नाहीं. ठिपके वाढवावयाचे तर पडदेच वाढविले पाहिजेत. असे चार पडदे एका ओळींत मांडले कीं ५१२० ठिपके रुंदीचा एक पडदा होतो, आणि वरील प्रमाणानें त्यावर ३५८ किलोमीटरांचा प्रदेश मावतो. नाथसागरापासून धर्माबादच्या पुढें, लातूरकडून आलेली मांजरा गोदावरीस मिळते तेथपर्यंतची सारी नदी मग एकाच वेळीं डोळ्यांसमोर राहते.

सांगणारा आणि काढणारा

चार पडदे शेजारी-शेजारी ठेविल्यानें मात्र एक पडदा होत नाहीं. ते चार संगणकच राहतात. त्यांस एक करणारी योजना समजण्यासाठीं थोडा इतिहास पाहूं. युनिक्स नांवाची कार्यप्रणाली १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जन्मास आली. पुढें १९८४ सालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत रॉबर्ट शाइफलर व जिम गेटिस यांनीं अशा संगणकांवर चित्रें व खिडक्या दाखविण्यासाठीं 'एक्स विंडो सिस्टिम' नांवाची पद्धति सिद्ध केली. तिची अकरावी आवृत्ति १९८७ सालीं निघाली, आणि तीच पुढें सर्वत्र रूढ झाली.

या पद्धतीचा विशेष असा कीं, चित्र सांगणारा व चित्र काढणारा हे तिनें निरनिराळे केले. चित्र सांगणारा कार्यक्रम एका संगणकांत चालतो; चित्र काढणारा दुसऱ्या संगणकांत, पडद्यापाशीं बसतो; आणि दोघांमधील बोलणें जाळ्याच्या तारेवरून ठराविक भाषेंत होतें. येथें नांवांचा एक घोटाळा होतो, त्यापासून विद्यार्थ्यांनीं सावध असावें. व्यवहारांत आपण 'सर्व्हर' म्हणजे दूर कोठें तरी असलेला मोठा संगणक समजतों. एक्सच्या परिभाषेंत मात्र ज्याच्यापाशीं पडदा, कळफलक व माउस आहे, तोच सर्व्हर. कारण पडद्याची सेवा तो देतो. चित्र काढून मागणारा कार्यक्रम हा त्याचा क्लायंट, म्हणजे गिऱ्हाईक होय. मग तो कार्यक्रम कितीहि बलाढ्य संगणकावर चालत असो.

चार फळे व एक वर्गनायक

ही गोष्ट वर्गाच्या दाखल्यानें स्पष्ट करूं. एका खोलींत गुरुजी बसले आहेत. शेजारच्या खोलींत चार फळे एका ओळींत टांगलेले असून प्रत्येकापाशीं खडू घेऊन एकेक विद्यार्थी उभा आहे. दोन्हीं खोल्यांच्या मधल्या दारांत वर्गनायक उभा आहे. गुरुजींस फळे दिसत नाहींत. त्यांची समजूत अशी कीं, पलीकडे एकच लांबच लांब फळा आहे. ते म्हणतात, "डाव्या कांठापासून १५०० घरें व वरच्या कांठापासून ३०० घरें अंतरावर एक टिंब काढा." वर्गनायकास ठाऊक आहे कीं, पहिला फळा ० पासून १२७९ पर्यंत आहे व दुसरा १२८० पासून सुरू होतो. तो १५०० मधून १२८० वजा करितो, आणि दुसऱ्या विद्यार्थ्यास सांगतो, "तुझ्या फळ्यावर २२० व ३०० या ठिकाणीं टिंब काढ." दुसरा विद्यार्थी टिंब काढितो. बाकीच्या तिघांस हाकहि मारावी लागत नाहीं.

आतां गुरुजींनीं १००० पासून १६०० पर्यंत रुंदीची एक चौकोनी खिडकी काढावयास सांगितली असें समजा. तिचा २८० घरांचा भाग पहिल्या फळ्यावर येतो व ३२० घरांचा भाग दुसऱ्यावर. वर्गनायक दोघांसहि ती खिडकी सांगतो, आणि प्रत्येक जण आपल्या फळ्यावर पडेल तेवढीच काढितो. पाहणाऱ्यास मात्र एकच अखंड खिडकी दिसते. माउसचा बाणहि असाच चालतो. एका पडद्याच्या उजव्या कांठास तो पोंचला कीं वर्गनायक त्यास तेथें लपवितो, आणि शेजारच्या पडद्याच्या डाव्या कांठावर त्याच उंचीवर उभा करितो.

हा वर्गनायक म्हणजे 'एक्सडीएमएक्स' नांवाचा कार्यक्रम. एकाच संगणकास जोडलेले अनेक पडदे एक समजण्याची 'झिनेरामा' नांवाची सोय एक्स पद्धतींत १९९८ सालीं आली होती. परंतु वेगवेगळ्या संगणकांचे पडदे जाळ्यावरून जोडण्याची सोय एक्सडीएमएक्सनें दिली, आणि २००४ सालच्या आवृत्तींत ती एक्सच्या मुख्य संचांत समाविष्ट झाली. चित्र सांगणाऱ्या कार्यक्रमास हा वर्गनायक स्वतःच पडदा असल्याचें भासवितो, आणि खऱ्या पडद्यांस तो एक साधें गिऱ्हाईक असल्याचें भासवितो. दोन्हींकडे तो एक्सचीच भाषा बोलतो, म्हणून जुना कार्यक्रम एका अक्षरानेंहि न बदलतां विशाल पडद्यावर चालूं शकतो. त्यास परवानगी मात्र प्रत्येक पडद्याकडून घ्यावी लागते. कोणी परक्यानें येऊन आपल्या फळ्यावर लिहूं नये, म्हणून प्रत्येक एक्स सर्व्हर आपलें दार राखून असतो.

चौकटींची अडचण

फळ्यांस लांकडी चौकट असते, तशी पडद्यांसहि असते. आणि जोडलेल्या पडद्यांमध्यें ती आडवी येते. येथें दोन मार्ग आहेत. चौकट नाहींच असें समजून एका पडद्याचा शेवटचा ठिपका व दुसऱ्याचा पहिला ठिपका लागून आहेत असें धरावें, हा एक मार्ग. यांत कोणताहि ठिपका हरवत नाहीं. परंतु तिरपी रेघ चौकटीपाशीं पायरीसारखी सरकलेली दिसते. चौकटीच्या मागेंहि ठिपके आहेत असें समजून तितकी जागा हिशेबांत सोडावी, हा दुसरा मार्ग. यांत रेघ खिडकीच्या गजामागून गेल्यासारखी सरळ दिसते. परंतु गजामागें जें आलें तें दिसत नाहीं.

दोहोंपैकीं बरोबर कोणता? उत्तर कामावर अवलंबून आहे. नदीचें वळण पाहावयाचें असेल तर दुसरा मार्ग बरा, कारण वळणाचा आकार खरा राहतो. गांवांचीं नांवें किंवा पाण्याचे आंकडे वाचावयाचे असतील तर पहिला मार्ग बरा. कारण आंकड्यांतील एक शून्य चौकटीमागें गेलें, तर दहा हजारांचे एक हजार होतील, आणि वाचणाऱ्यास कांहीं चुकलें आहे अशी शंकाहि येणार नाहीं.

जाळ्यावरील ओझें

वर्गनायकाच्या तोंडून सर्व सांगणें जातें, तेव्हां तो दमणार नाहीं काय? हें सांगणें कोणत्या प्रकारचें आहे यावर तें ठरतें. एक साधी रेघ ओढण्याची आज्ञा एक्सच्या भाषेंत अवघ्या २० बाइटांत मावते. अशा हजार रेघा सांगितल्या तरी जाळ्यास त्याचें ओझें वाटत नाहीं. परंतु छायाचित्रांत रेघा नसतात. त्याचा ठिपका न् ठिपका पाठवावा लागतो. दर ठिपक्यास ४ बाइट धरले, तर वर सांगितलेल्या एका पडद्याचें चित्र सुमारें ५२ लाख बाइटांचें होतें. दर सेकंदास १० कोटि बिट वाहून नेणाऱ्या जाळ्यावरून एक पडदा भरण्यास सुमारें ०.४२ सेकंद लागतो, आणि चार पडदे भरण्यास सुमारें पावणेदोन सेकंद लागतात. चलच्चित्रास दर सेकंदास चोवीस चित्रें लागतात हें ध्यानांत घेतलें, म्हणजे नकाशाच्या रेघा दाखविण्यास ही योजना कां योग्य व चित्रपट दाखविण्यास कां अयोग्य, हें आपोआप कळेल.

यावर एक तोड आहे. सर्व चित्राची एकेक प्रत प्रत्येक संगणकापाशीं आधींच ठेवून द्यावी, आणि वर्गनायकानें "आतां गंगाखेड मध्यभागीं आणा" एवढेंच सांगावें. मग जाळ्यावर चित्र वाहतच नाहीं, केवळ सूचना वाहते. परंतु येथें नवी जबाबदारी येते. सर्वांनीं चित्र एकाच क्षणीं बदललें पाहिजे. नाहीं तर एका पडद्यावर कालचें पाणी व शेजारच्या पडद्यावर आजचें पाणी, असा विपरीत देखावा दिसेल. म्हणून प्रत्येक संगणक आपला भाग तयार करून "झालें" असें कळवितो, आणि सर्वांचें "झालें" आल्यावरच "बदला" ही आज्ञा सुटते. जो सर्वांत मंद, त्याच्यासाठीं बाकीचे थांबतात.

आमची एक चूक

ही माहिती केवळ पुस्तकी राहूं नये म्हणून आम्हीं कांहीं विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन चार जुने संगणक एका लांब टेबलावर मांडिले. युनिक्सच्याच कुळांतील लिनक्स ही कार्यप्रणाली त्यांत घातली, एक जुनें जाळें जोडलें, आणि नकाशावरून गोदावरीची रेघ व कांठचीं गांवें उतरून घेतलीं. दोन-तीन सायंकाळ खटपट केल्यावर चारहि पडदे उजळले, आणि निळी नदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेली दिसली. माउसचा बाण अडखळल्यावांचून चारहि पडद्यांवरून गेला. आम्हांस मोठा आनंद झाला. मुलांनीं टाळ्या वाजविल्या.

इतक्यांत मागें उभा असलेला एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, नांदेडचें पाणी माजलगांवाला जातें काय?"

आम्हीं पुन्हां पाहिलें. पहिल्या पडद्यावर पैठण होतें. दुसऱ्यावर गंगाखेड, पूर्णेचा संगम व नांदेड. तिसऱ्यावर माजलगांव. चौथ्यावर धर्माबाद. दुसऱ्या व तिसऱ्या संगणकांचीं नांवें यादींत लिहितांना आमच्याच हातून उलटीं पडलीं होतीं. नदीची रेघ कांठांपाशीं थोडी तुटली होती. पण ती चौकटीमुळें तशी दिसत असेल, असें आम्हीं मनाशीं ठरवून टाकलें होतें. यंत्राकडून कोणतीहि तक्रार आली नव्हती. त्याच्या दृष्टीनें सर्व कांहीं सुरळीत होतें. जो पडदा दुसरा म्हणून सांगितला, तो त्यानें दुसरा मानला.

त्या मुलाचें घर नदीकांठीं आहे. घरीं मोठ्या माणसांचें बोलणें ऐकून पूर कोणकोणत्या वाटेनें येतो हें त्यास ठाऊक होतें. तें आमच्याहि नकाशांत होतें, पण आमच्या ध्यानांत नव्हतें. यादींतील दोन नांवें अदलाबदल करून आम्हीं चूक दुरुस्त केली. दुरुस्तीस एक मिनिटहि लागला नाहीं. परंतु तीच चूक एखाद्या पावसाळी रात्रीं, पाण्याची वाट पाहत बसलेल्या ठिकाणीं झाली असती तर? माजलगांवाकडचें पाणी नांदेडच्या खालीं मिळतें असें समजून पाहणारे स्वस्थ राहिले असते. चित्र जितकें भव्य, तितका त्यावर विश्वास अधिक बसतो. म्हणून भव्य चित्र आधीं जमिनीशीं ताडून पाहिलें पाहिजे. एखादा पडदा बंद पडला तर तेथें काळी पोकळी दिसते व सर्वांस कळतें. पडदे चुकीच्या क्रमानें लागले तर मात्र कोणतीच पोकळी दिसत नाहीं.

हेंच तत्त्व इतरत्र

असे विशाल पडदे जगांत अनेक ठिकाणीं उभारले गेले. अमेरिकेच्या नासा या संस्थेच्या एम्स केंद्रांत २००२ सालीं सात ओळींत सात-सात असे ४९ पडदे मांडून एक भिंत करण्यांत आली. २००८ सालीं तिच्या जागीं १२८ पडद्यांची भिंत आली, आणि तिच्यावर सुमारें साडेचोवीस कोटि ठिपके होते.

अनेकांस जोडून एक करण्याची ही कला आपल्या महाराष्ट्रासहि परकी नाहीं. पुण्यास १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. तो एका अजस्र यंत्राचा नव्हता. ६४ लहान गणकांस एकमेकांशीं बोलावयास लावून तो घडविला होता. जुन्नर तालुक्यांतील खोडद येथील विशाल रेडिओ दुर्बीण तर याहून बोलका दाखला आहे. तेथें प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारें २५ किलोमीटरांच्या टापूंत पसरल्या आहेत. त्यांनीं टिपलेले संकेत एकाच घड्याळाशीं जुळवून एकत्र केले, म्हणजे त्या सर्व मिळून एकच प्रचंड दुर्बीण होतात. तेथें तबकड्या, येथें पडदे. पण सामाईक माप व सामाईक वेळ या दोन गोष्टींवांचून कोठेंहि अनेकांचे एक होत नाहीं.

एक्सडीएमएक्सचें पुढें काय झालें, हेंहि सांगितलें पाहिजे. एकाच संगणकास अनेक पडदे जोडणें हळूहळू सोपें झालें, आणि एकेका पडद्यावरील ठिपकेहि पुष्कळ वाढले. २०२१ सालीं निघालेल्या एक्स सर्व्हरच्या २१.१ या आवृत्तींतून हा वर्गनायक वगळण्यांत आला. म्हणूनच आमच्या प्रयोगास जुनी आवृत्ति घ्यावी लागली. साधनें अशीं येतात व जातात. परंतु सांगणारा व काढणारा वेगळे करणें, सर्वांचा मूलबिंदु एक ठेवणें, प्रत्येकास त्याच्या वांट्याचेंच काम देणें, आणि बदल सर्वांनीं मिळून करणें, ही रीति नव्या साधनांतहि तशीच चालूं आहे.

घरीं करून पाहा

संगणक नसला तरी हा पाठ घरीं करून पाहतां येतो. चौकटींच्या कागदाचे चार सारखे तुकडे घ्यावे. प्रत्येक २० घरें रुंद व १५ घरें उंच असावा. दोन वर व दोन खालीं असे ते मांडून चार भावंडांस किंवा मित्रांस वांटून द्यावे, आणि ज्याचा त्यानें आपला कागद दुसऱ्यास दिसणार नाहीं असा धरावा. एकानें वर्गनायक व्हावें. आडवीं घरें डावीकडून व उभीं घरें वरून मोजावीं. मग आडव्या १६ व उभ्या १३ या ठिकाणापासून आडव्या २४ व उभ्या १८ या ठिकाणापर्यंत एक सरळ रेघ सांगावी.

प्रत्येकानें आपला भाग काढल्यावर कागद एकत्र जुळवावे. रेघ वरच्या डाव्या कागदावर सुरू होऊन खालच्या डाव्या कागदाच्या कोपऱ्यास चाटून खालच्या उजव्या कागदावर जाईल. तेथें तिचें टोक आडव्या ४ व उभ्या ३ या घरावर येईल. वरच्या उजव्या कागदावर मात्र कांहींच येणार नाहीं. तो कागद धरणाऱ्यास वाटेल कीं, आपल्यास काम मिळालें नाहीं. त्यास समजावून सांगावें कीं, कोरें राहणें हेंहि त्या चित्रांत त्याचें बरोबर काम होतें.

पालकांस आमची एक विनंति आहे. मुलांनीं हा खेळ मांडला तर जवळ बसून पाहावा, आणि झाल्यावर चारहि कागदांवर मिळून गोदावरी काढावयास सांगावी : पैठण कोठें, सिंदफणा कोठें मिळते, पूर्णा कोठें मिळते, विष्णुपुरी कोठें, आणि आपलें घर कोठें. ज्या घरांतील वडील माणसांनीं मोठे पूर पाहिले आहेत, त्यांनीं तो कागद तपासून द्यावा. आमच्या चार पडद्यांची चूक शेवटीं नदीकांठच्या एका मुलानेंच ओळखली. तेव्हां या तपासणीस त्यांच्याहून योग्य परीक्षक आम्हांस दुसरे दिसत नाहींत.